डब्यात काय आज?

खूप दिवस झाले इथं काही लिहून. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पितृपंधरवडा, मग नवरात्र... असो. सबबी पुरे. शाळेत पोरांच्या सबबी ऐकून घ्यायची नाही, आता स्वतःच द्यायला लागले.

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. उचलल्या उचलल्या तिचं पहिलं वाक्य, "मावशी, तिकडं पाऊस कसाय?"

मी म्हटलं, "आभाळ आहे सकाळपासून, पण उकडतंय फार. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं पण तसंच."

पुढची दोन-तीन मिनिटं आम्ही दोघी पावसावरच बोलत होतो. फोन ठेवला तर शेजारी बसलेला नातू म्हणाला, "आजी, हवामान तर मोबाईलवर दिसतं. विचारायचं कशाला?"

पोराचं म्हणणं चूक नव्हतं. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे! तेच आज लिहिते आहे. थोडं लांबेल, पण तुम्हाला माझी सवय आहे.

जालन्यात राहून बदनापूरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी पंचवीस वर्षं अपडाऊन केलं. १९८४ ते २००९. (शिक्षकांनी शाळेच्या गावीच राहावं असा नियम, आणि सगळी दुनिया अपडाऊन करणारी. त्यावर आत्ता नको बोलायला.) जालना ते बदनापूर रेल्वेनं वीसेक किलोमीटर. पुढं करमाड, चिकलठाणा, मुकुंदवाडी आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. ही लाईन निजामाच्या राज्यातली, १९०० च्या सुमाराची. मी नोकरीला लागले तेव्हा ती मीटरगेज होती. डबे अरुंद, समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लागायचा. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं, डबे ऐसपैस झाले, पण आम्ही पासवाले आपापल्या ठरलेल्या जागीच दाटीवाटीनं बसायचो. सवय!

आमच्या त्या डब्यात कोण कोण होतं? एक तलाठी होते, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. बँकेतले एक साहेब. करमाडकडच्या दवाखान्यातल्या सिस्टर. बदनापूरला कडधान्यांचं कृषी संशोधन केंद्र आहे, तुरीची 'बीडीएन ७११' ही जात तिथलीच. त्या केंद्रात काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांना आम्ही 'तूरवाले' म्हणायचो, तोंडावर नाही. औरंगाबादला कोर्टात जाणारे एक वकील होते. आणि मी, बाई. कोणाला नाव नव्हतं. बाई, साहेब, भाऊसाहेब, सिस्टर. पंचवीस वर्षं मला त्या डब्यात कोणी नावानं हाक मारली नाही आणि मीही कोणाला मारली नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दसरा ते दिवाळी हा आमच्या गप्पांचा खरा हंगाम. पावसाळ्यात डब्यात छत्र्या निथळत असायच्या, त्यामुळे सगळे वैतागलेले. उन्हाळ्यात बोलायचं त्राण नसायचं. पण ऑक्टोबर आला की सकाळी जरा गारवा, दुपारी भाजून काढणारं ऊन आणि संध्याकाळी कुठून तरी आभाळ भरून यायचं. हवा अशी लहरी असली की बोलायला विषय तयारच.

"भाऊसाहेब, हत्ती पडला का तुमच्याकडं?"

"पडला, पण निस्ता शिडकावा. वाऱ्यानं नेला सगळा."

"आमच्याकडं तर ढग येऊ राह्यले अन् जाऊ राह्यले."

हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या आसपासपर्यंत. मग चित्रा, मग स्वाती. कॅलेंडरवर ऑक्टोबर असला तरी डब्यात नक्षत्रंच चालायची. कारण नोकरदार असलो तरी निम्म्याहून अधिक जणांचं गावाकडं वावर होतं. बँकेतले साहेब टाय लावायचे, पण जीव कापसात.

गंमत अशी की एकाच पावसावर डब्यात एकमत कधी व्हायचं नाही. हत्ती बरसला तर ओल होते, रब्बीची ज्वारी पेरता येते, म्हणून भाऊसाहेबांना तो हवा. वकिलांचं सोयाबीन कापून शेतात पडलेलं, म्हणून त्यांना नको. साहेबांच्या कापसाची बोंडं फुटलेली, भिजला की कापूस पिवळा पडणार, भाव पडणार, म्हणून त्यांनाही नको. माझ्या सासरची थोडी मोसंबी होती, तिला पाणी चालणार होतं. तूरवाल्यांकडं सगळे असे बघायचे, जणू पावसाचा नळ त्यांच्याच केंद्रात आहे! "काय हो, येणार का?" ते बिचारे दरवर्षी एकच उत्तर द्यायचे, "आता बघायचं."

आणि मी? मी ह्या गप्पांत फार कमी असायचे. मराठी शिकवणारी बाई मी. निबंधात कोणी पाल्हाळ लावला की लाल शाईनं काट मारणारी. रोज तेच प्रश्न, तीच उत्तरं. "गाडी आज लेट आहे का?" (सगळे फलाटावर उभे, गाडी आलेली नाही, मग लेट नाही तर काय!) "आज उकडतंय नाही?" "दिवाळीची खरेदी झाली का?" ह्याला काय अर्थ आहे, असं वाटायचं. म्हणून मी मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसायचे. पेपर तपासणाऱ्या बाईंना कोणी त्रास देत नाही. शिळोप्याच्या गप्पांतून सुटका करून घ्यायची ती माझी युक्ती होती.

आता जरा लांब जाते. २०१७ च्या ऑक्टोबरात मी मुलीकडं इंग्लंडला होते. ती रेडिंगला राहते, तिथून रोज रेल्वेनं लंडनला नोकरीला. थोडक्यात, अपडाऊन. आईचा वारसा! एक-दोनदा मी तिच्याबरोबर गेले, लंडन बघायचं म्हणून.

सकाळची गाडी गच्च भरलेली, पण डब्यात आवाज म्हणून नाही. आपल्याकडं मयताला जाताना लोक याहून जास्त बोलतात. मी मुलीशी बोलायला लागले तर तिनं डोळ्यांनी खुणावलं, हळू. मी विचारलं, "ही माणसं रोजचीच का?" म्हणाली, "हो, समोरचा तो सहा वर्षांपासून बघते आहे." "नाव काय त्याचं?" "आई!!"

फलाटावर मात्र थोडं बोलणं चालायचं. साधारण साठीचे एक गृहस्थ, गळ्यात लाल मफलर, हातात ऑफिसची बॅग. मुलीला बघून मान हलवायचे आणि गार झालं आहे, किंवा दिवस लवकर मावळायला लागला, असं काहीतरी एक वाक्य. मुलगी म्हणायची, हो ना. संपलं. तिकडं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं करतात, मग तर साडेचार-पाचलाच अंधार होऊ लागतो. त्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या तोंडी तेवढं एकच.

आणि एक दिवस गाडीला उशीर झाला, तर कारण काय? रुळांवर झाडांची पानं पडली! मला हसूच आलं. आपल्याकडं म्हशी आडव्या येतात, पानं कसली थांबवतात रेल्वेला? मुलीनं समजावून सांगितलं. ओली पानं चाकांखाली चिरडून रुळांवर त्यांचा गुळगुळीत थर बसतो, ब्रेक लागत नाही, म्हणून गाड्या सावकाश चालवतात. रूळ धुवायला पाण्याचे जोरदार फवारे मारणाऱ्या वेगळ्या गाड्या फिरवतात. पण खरी गंमत पुढंच. ती उशिराची घोषणा झाली आणि इतका वेळ मुका असलेला फलाट बोलायला लागला. कोणी उसासा टाकला, कोणी डोळे फिरवले, कोणी म्हणालं, पुन्हा पानं! मला एकदम जालन्याच्या फलाटावर आल्यासारखं वाटलं.

मुलीच्या कपाटात केट फॉक्स नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं 'वॉचिंग द इंग्लिश' हे पुस्तक होतं, २००४ सालचं. माझं इंग्रजी बेताचं, मुलगी वाचून अर्थ सांगायची. त्या म्हणतात, इंग्रज माणूस हवेबद्दल बोलतो तेव्हा तो हवेबद्दल बोलतच नसतो. तो नमस्कार करत असतो. तुमच्याशी बोलायची माझी तयारी आहे, एवढंच त्याला म्हणायचं असतं. आणि त्याचा एक नियम आहे, समोरच्यानं हो म्हणायचं. कोणी म्हणालं गार आहे, तर आपण 'छे, मला नाही वाटत' म्हणणं म्हणजे पुढं केलेला हात झिडकारणं.

मी म्हटलं, हा नियम आमच्या डब्यात चालायचा नाही. एकाला ज्वारी पेरायची असते, दुसऱ्याचा कापूस भिजणार असतो, हो कशाला म्हणणार?

तो फरक मी तेव्हापासून मनात घोळवते आहे. लंडनला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या जालन्याची सरासरीही साधारण साडेसहाशेच्या घरातली. म्हणजे फार फरक नाही! पण त्यांचा पाऊस बारा महिने भुरभुर पडत असतो, आपला चार महिन्यांत येऊन जातो. नाही आला की वर्ष गेलं. २०१२ ला पाऊस फारच कमी झाला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात जालना दुष्काळासाठी राज्यभर वर्तमानपत्रांतून गाजला. शहरात टँकर, जनावरं छावणीत, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमचीही वाळली. त्या वर्षी पाऊस कसाय असं कोणी सहज विचारत नव्हतं. विचारलं तर समोरच्याचं कर्ज, मुलीचं लग्न, सगळं त्या एका प्रश्नात यायचं. इंग्रजाला हवेचा विषय सोयीचा, कारण त्यात कोणाचं काही दुखत नाही. आपल्याकडं त्यातच सगळ्यात जास्त दुखतं, आणि तरी आपण तोच विषय काढतो. की म्हणूनच काढतो?

तर ते लाल मफलरवाले. मी तिथं असतानाच एक दिवस मुलगी संध्याकाळी घरी आली ती जरा गप्प. जेवताना म्हणाली, "आई, ते मफलरवाले आठवडाभर दिसले नाहीत."

मी म्हटलं, "मग चौकशी कर."

"कुठं करू? नाव माहीत नाही, घर माहीत नाही. आणि इथं असं विचारत नाहीत."

मी तिला काहीतरी बोलणार होते, तुमच्या ह्या देशात माणूस मेला तरी कळायचं नाही वगैरे. पण घास घशातच अडकला. मला सिस्टर आठवल्या.

सिस्टर माझ्यासमोर खिडकीशी बसायच्या. ठेंगण्या, जाड काड्यांचा चष्मा, पांढऱ्या साडीवर पदर खोचलेला. माझ्याकडं वह्यांचा गठ्ठा असला तरी त्या जुमानायच्या नाहीत. रोज एकच प्रश्न, "बाई, डब्यात काय आज?" मी म्हणायचे, गवार. किंवा मेथी. त्या म्हणायच्या, "माझ्याकडं पिठलं." झालं. दिवाळी झाली, पहाटे पहिल्यांदा थंडी जाणवली की दुसरा प्रश्न, "बाई, स्वेटर काढलं का?" ट्रंकेतून काढलेल्या स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा, त्यावरून डब्यात थट्टा चालायची, आज कोण कोण गोळ्या खाऊन आलं म्हणून.

१९९८ च्या सप्टेंबरात आमचे हे गेले. ध्यानीमनी नसताना. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी पुन्हा कामावर जायला लागले. पहिल्या दिवशी डब्यात चढले आणि सगळे एकदम गप्प झाले. भाऊसाहेब उठून उभे राहिले. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. वाईट कोणीच नव्हतं, पण काय बोलावं ते कोणाला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं मी कुठं बघावं. महिनाभर येणारं जाणारं प्रत्येक माणूस माझ्याकडं बघून रडलं होतं आणि मी त्यांची समजूत काढून थकले होते.

मी जागेवर बसले. गाडी हलली. सिस्टर म्हणाल्या, "बाई, डब्यात काय आज?"

खरं सांगते, मला राग आला. एवढं होऊन गेलं आणि ह्या बाईला डब्याचं पडलंय! मी म्हटलं, "काही नाही." खरंच काही नव्हतं. महिनाभर जावेनं नाहीतर शेजारणीनं केलेलं दोन घास खात होते. शाळेत जायचं म्हणजे डबा करायचा हे डोक्यातच आलं नव्हतं.

सिस्टर 'अरेरे' म्हणाल्या नाहीत. पिशवीतून डबा काढला, अर्धी भाकरी मोडली, त्यावर शेंगदाण्याची चटणी घातली, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली. आणि भाऊसाहेबांकडं वळून म्हणाल्या, "हत्ती पडला का हो तुमच्याकडं?"

डबा बोलायला लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला जाग आली आणि पहिला विचार आला, सिस्टर आज पुन्हा विचारतील. उठले, स्टो पेटवला, बटाट्याची भाजी टाकली. मी स्वतःसाठी केली नाही ती. उत्तर द्यायला काहीतरी असावं म्हणून केली. महिनाभरात त्या घरात मी पहिल्यांदा स्वयंपाक करत होते. गाडीत त्यांनी विचारलं, मी म्हटलं, "बटाटा." त्या म्हणाल्या, "माझ्याकडं पिठलं."

लोकांनी त्या महिन्यात मला पुष्कळ धीर दिला. मोठमोठे शब्द ऐकवले. त्यातला एकही आज आठवत नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला हात जड होतो आहे, पण त्यासाठीच एवढं सगळं लिहिलं.

ऑक्टोबर २००३. सहामाही परीक्षेचे पेपर मांडीवर. सिस्टर येऊन बसल्या. मी मान वर न करता म्हटलं, "कसं काय, सिस्टर?" ह्या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "चाललंय फर्स्टक्लास." पाच-सात वर्षं तेच. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "चाललंय."

एवढंच. आणि त्यांनी डब्याचं विचारलं नाही. मी पेपर तपासत राहिले. मला वाटतं मी मनातून खूषच झाले असेन की आज पाच पेपर जास्त होतील. बदनापूर आलं, मी उतरले. पुढचे दोन-चार दिवसही तसेच गेले. मग दिवाळीची सुट्टी लागली.

शाळा उघडल्यावर मी गाडीत गेले तर खिडकीशी कोणी दुसरंच. थंडी पडायला लागली होती. मी स्वेटर घालून गेले होते, विचारायला कोणी नव्हतं. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. भाऊसाहेब म्हणाले, बदली झाली वाटतं. साहेब म्हणाले, नाही, आजारी आहेत असं ऐकलं. कोणालाच काही नक्की माहीत नव्हतं. तेव्हा मला तो गेलेला शब्द आठवला. पोरांच्या वहीत एखादा शब्द गाळला तर मी लाल गोल करायचे. इथं समोर बसलेल्या बाईनं 'फर्स्टक्लास' गाळला आणि मला दिसलं नाही.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्यांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या क्लार्कनं विचारलं, "कोणत्या सिस्टर? नाव काय?"

मला नाव सांगता येईना.

मी म्हटलं, ठेंगण्या आहेत, चष्मा आहे, जालन्याहून येतात. तो म्हणाला, "जालन्याहून दोघी येत होत्या. एकीची बदली झाली, एक बिनपगारी रजेवर आहे. तुम्हाला कोणती पाहिजे?" मी तिथं उभी. खिडकीशी बसायच्या आणि पिठलं आणायच्या, हे त्याला कसं सांगणार? तो भला माणूस होता, त्यानं दोघींची नावं सांगितली. मला त्यातलं कुठलं नाव त्यांचं हे ओळखता आलं नाही. रजेवर असलेल्या कुठं राहतात तेही त्याला ठाऊक नव्हतं. मी परत आले. पुढं सिस्टर कधी दिसल्या नाहीत. आज वीस वर्षांच्या वर झाली. त्या सुखात असतील तर बदलीच्या गावी आता कोणाला तरी डब्यात काय म्हणून विचारत असतील, असं मी धरून चालते. दुसरं काय करणार.

शाळेत रोज पहिल्या तासाला हजेरी घ्यायचे मी. नाव घेतलं की 'हजर बाई'. ह्या 'हजर बाई'त सांगण्यासारखं काय असतं? पोरगं समोर बसलेलं दिसतच असतं. बाईंची नजर हजेरीपटावर असते, पेन चालू असतं. पण एखादा आवाज आला नाही, किंवा बारीक आला, की मान वर करायची असते. हजेरी त्यासाठीच असते. पाऊस कसाय, डब्यात काय, गाडी लेट आहे का, स्वेटर काढलं का, ही सगळी हजेरी आहे. पंचवीस वर्षं रोज हजेरी घेणाऱ्या बाईला ही दुसरी हजेरी मात्र कळली नाही.

मुलीच्या मफलरवाल्यांचं काय झालं ते राहिलंच. दहाव्या दिवशी ते आले. जरा वाळल्यासारखे दिसत होते म्हणे. मुलीनं कुठं होतात वगैरे काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, थंडी वाढली ना? त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, हो, बरीच. घरी येऊन हे सांगताना तिचा चेहरा फुललेला होता. "आई, आले ते!" मी म्हटलं, "आता नाव विचारून ठेव बाई." तिनं चार महिन्यांनी विचारलं. इंग्लंडच्या मानानं घाईच केली म्हणायची.

आता जालन्याहूनच मुंबईला जायची चांगली सोय झाली. ३० डिसेंबर २०२३ ला इथून वंदे भारत सुरू झाली, तिनं एकदा गेले. खुर्च्या मऊ, डब्यात गारवा, आणि जो तो आपापल्या मोबाईलमध्ये. रेडिंगचीच आठवण आली. पण मोबाईलला नावं ठेवणार नाही. रोज सकाळी फुलाफुलांची 'शुभ सकाळ' पाठवणारे आमचे नातेवाईक आहेत, त्यांचा मला फार वैताग यायचा. (वाचत असाल तर क्षमा असावी!) आता मी प्रत्येकाला उत्तर देते. मागच्या महिन्यात अंबडच्या आमच्या वन्सं तीन दिवस गुलाबाचं फूल पाठवेनात, तेव्हा फोन केला. पाय मुरगळून पडल्या होत्या, कोणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "गुलाब आला नाही म्हणून फोन केला." खूप हसल्या. मग अर्धा तास आम्ही पावसावर बोललो.

नातवाला काल सांगितलं, मोबाईलवर पाऊस दिसतो रे, मावशी दिसत नाही. त्याला पटलं का माहीत नाही. पण संध्याकाळी क्लासवरून आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "आजी, जेवायला काय आज?"

गवार होती. तोंड वाकडं केलं त्यानं.

असो. इथं आज सकाळपासून आभाळ आहे, दुपारी मात्र मरणाचं उकडलं. तुमच्याकडं पाऊस कसाय?